घरात कुणी आजारी आहे का?

दामारिसला नियम शिकवायला गेलेला माणूस शेवटी तिच्याकडूनच दोन नियम शिकून परत यायचा. तैचुंगहून आलेलं विमान जकार्ताला उतरलं, तपासणीची रांग लागली, तेव्हा पुढच्यामागच्या सगळ्या बायका तिलाच विचारत होत्या. कुठला कागद आधी दाखवायचा, फोनमधली हिरवी खूण कुठे सापडते, लशीच्या दाखल्यावर चिनी अक्षरं आहेत ती इथे चालतील का. ती एकेकीला मार्गी लावत होती. लांपुंगच्या सुमिनाला तिने बजावलं, "नाकात काडी घालतील तेव्हा डोकं मागे ओढू नकोस. ओढलंस तर परत घालतात." सुमिनाने डोळे गच्च मिटले, पण डोकं जागचं हलवलं नाही.

आणि एवढी सगळी हुशारी करून बाईसाहेब स्वतः अडकल्या कशावर, तर एका साध्या प्रश्नावर. पांढऱ्या झग्यातल्या अधिकाऱ्याने मान वर न करता विचारलं, "घरात कुणी आजारी आहे का?"

"हो, वडील," दामारिस म्हणाली.

तिच्या गावच्या कुणीही हेच उत्तर दिलं असतं. तोराजाच्या डोंगरात माणसाचा श्वास थांबला म्हणून त्याच्या नावाने लगेच तो शेवटचा शब्द कुणी काढत नाही. निरोपाच्या विधीत पहिला रेडा बळी पडेपर्यंत माणूस आजारी असतो. अंग तसंच राहावं म्हणून त्याला औषध टोचतात, चांगले कपडे घालून आतल्या खोलीत निजवतात, सकाळी कॉफी नेऊन ठेवतात, घरातून निघताना त्याला सांगून निघतात. दामारिसचे वडील, सांपे, दोन वर्षांपूर्वी असेच आजारी पडले. दुपारी छातीत कळ आली आणि संध्याकाळपासून ते आजारी. तेव्हा विमानं बंद होती. धाकट्या भावाने, ओबेदने, फोनवर एवढंच सांगितलं, "ताई, बाबा आजारी आहेत गं." तिला काय ते कळलं. तैचुंगला ती एका म्हातारीची देखभाल करायची. त्या म्हातारीचं अंग पुसता पुसता ती हमसून रडली, मग तोंड धुतलं आणि ओबेदला म्हणाली, फोन बाबांच्या खोलीत ने. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती बाबांशी बोलत आली होती. आज काय खाल्लं, म्हातारीने कुणाला शिव्या घातल्या, पाऊस आहे की ऊन, सगळं.

घरच्यांनी तिच्यासाठी थांबायचं ठरवलं होतं. थोरली लेक नाही आणि बाप जातो, असं कसं चालेल? दोनदा विधीची तारीख धरली आणि दोनदा सोडली. आता या शुक्रवारची धरली होती. बांबूचे मांडव उभे राहिले, रेडे आले, डुकरं आली, सोरोंगहून मामा सहकुटुंब येऊन ओसरीवर पसरले. आता तारीख पुढे ढकलायची म्हणजे अख्ख्या डोंगराला परत पाठवायचं. दामारिसने हिशेब बसवलेला होता: बुधवारी विलगीकरणातून सुटका, लगेच मकासरचं विमान, पुढे रांतेपाओची बस, गुरुवारी दुपारी घर. त्यात कुठेही फट नव्हती. तिच्या नावापुढे अधिकाऱ्याने काय शेरा मारला ते तिने पाहिलंच नाही.

विलगीकरणाच्या हॉटेलात पहिले दोन दिवस तिने नुसती हुकमत गाजवली. मजल्यावरच्या बायका खोलीच्या फोनवरून तिला गाठायच्या. सुमिनाच्या पहिल्या चाचणीचा निकाल दुसऱ्याच कुणाच्या नावावर गेला होता. दामारिसने खालच्या माणसाला इतक्या गोड आवाजात फैलावर घेतलं की त्याने निकाल तर शोधलाच, वर सुमिनाच्या डब्यात तळलेली कोंबडी जास्तीची पाठवली. "तू वकील व्हायला हवं होतंस," सुमिना फोनवर कोंबडी खात म्हणाली. "वकिलाला एवढे नियम कुठे पाठ असतात," दामारिस म्हणाली. तिला स्वतःचा अभिमान होता आणि तो लपवायची तिला सवय नव्हती.

तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या डॉक्टरांचा फोन आला. डॉक्टर वेनिंग, समारांगच्या, वयाने तिशीच्या आसपास, आवाज दमलेला.

"दामारिस, तुमच्या नावापुढे शेरा आहे. घरी आजारी माणूस आहे म्हणे. त्यांची चाचणी झालीय का?"

आत्ता कुठे दामारिसच्या ध्यानात आलं की आपण काय बोलून बसलो. "नाही," ती म्हणाली. "पण त्यांना हा रोग नाही. त्याचा काही संबंध नाही."

"मग काय होतंय त्यांना?"

"उठत नाहीत."

"जेवतात?"

"नाही."

"किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं."

पलीकडे डॉक्टरांनी बहुतेक पेन खाली ठेवलं. "दोन वर्षं जेवले नाहीत?"

"कॉफी ठेवतो ना आम्ही उशाशी," दामारिस म्हणाली, आणि हे बोलायला नको होतं असं तिला लगेच वाटलं.

मग डॉक्टर हळूच म्हणाल्या, "खरं सांगा. तुमचे वडील हयात आहेत का? ते वारले असतील तर तसं स्वतःच्या तोंडाने सांगा. मी शेरा आत्ता काढते. पण आजारी असतील तर त्यांची चाचणी झाल्याशिवाय मला तुम्हाला सोडता येणार नाही. एकच वाक्य लागेल."

एकच वाक्य. नियमांच्या बाबतीत कुणापुढे हार न जाणारी दामारिस रिसीव्हर हातात धरून खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसली. "आजारी आहेत," ती शेवटी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

कुणी म्हणेल, त्यात काय एवढं, जे खरं आहे ते बोलायचं. बोलणाऱ्याचं काय जातं. पण दोन वर्षांत तिने तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता. म्हातारीच्या घरच्यांनी विचारलं तरी ती "वडील आजारी असतात" एवढंच सांगायची. तो शब्द शुक्रवारी सकाळी, रेडा पडल्यावर, सगळ्या घराने मिळून उच्चारायचा होता. आईच्या शेजारी उभं राहून, ओबेदच्या खांद्यावर हात ठेवून. तोच शब्द इथे, तेलकट डब्याच्या वासाच्या खोलीत, ओळख ना पाळख अशा बाईला फोनवर द्यायचा? आईच्या आधी? तिला स्वतःचाच राग आला. विमानतळावर गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं?

संध्याकाळी तिने घरी फोन लावला आणि सगळं सांगितलं. ओबेद आधी पोट धरून हसला.

"ताई, तू सगळ्या मजल्याला नियम शिकवतेस आणि स्वतः अशी पडलीस? मामा, ऐकलंत का, आपली वकीलीण आत बसली."

"हसून झालं असेल तर उपाय सांग."

"उपाय काय त्यात. बोलून टाक. सरकारी भाषेतच बोलायचंय ना? जकार्ताच्या भाषेत बोललेलं बाबांना काय कळणार. शाळेत ते त्या विषयात दोनदा नापास झाले होते."

मामा मागून खो खो हसले. दामारिसलाही हसू आलं. मग ती म्हणाली, "बरं, मग तूच बोल. मी डॉक्टरांचा नंबर देते. तू मुलगा आहेस, तुझंही चालेल त्यांना."

फोनच्या पडद्यावर ओबेदचं तोंड तेवढं दिसत होतं, नुकतंच हसलेलं आणि आता कसनुसं झालेलं. "मी कसं बोलू," तो म्हणाला. "रोज दाढी करतो मी त्यांची."

फोन आईने काढून घेतला. आई कमी बोलायची आणि बोलली की पुढचा विषय संपायचा. "दोन वर्षं कॉफी केली मी," ती म्हणाली. "कुणी आधी काही बोलायचं नाही. तू ये."

"येते, आई. पण कशी येऊ?"

"तुला येतं सगळं. बघ तू." आणि आईने फोन नेऊन बाबांच्या खोलीत उशाशी ठेवला.

बाबा नेहमीसारखे निजलेले होते. चष्मा लावलेला, गळ्याशी तांबडं कापड, उशाशी कप आणि लवंगी सिगारेटचं पाकीट. दामारिसने त्यांना सगळं सांगितलं. आपली चूक झाली हेही सांगितलं. "दोन वर्षं तुम्ही त्या एका खोलीत काढलीत, बाबा," ती म्हणाली, "आणि मला तीन दिवसांत वेड लागायची पाळी आलीय."

बोलता बोलता ती थांबली. फोन तसाच चालू ठेवून उठली आणि नियमांचं पत्रक शोधू लागली. हॉटेलात येताना प्रत्येकीला दिलेलं, कुणीही न वाचलेलं. तिने मात्र ते आल्याच दिवशी वाचून काढलं होतं. आता घरच्या आजारी माणसाबद्दलचा भाग ती बोट ठेवून पुन्हा वाचू लागली. चाचणी निगेटिव्ह असावी. त्याच्या पुढे, बारीक अक्षरांत: किंवा आजारी व्यक्तीने वेगळ्या खोलीत ठरलेले दिवस पूर्ण केलेले असावेत, आणि ताप, खोकला, धाप यांपैकी काही नसल्याचं गावच्या आरोग्य केंद्राने कळवावं.

दामारिस खाली बसली आणि एकटीच मोठ्याने हसली. पलीकडून ओबेदने विचारलं, "काय झालं? लागलं का वेड?"

"ओबेद, उद्या सकाळी आरोग्य केंद्रातल्या रिबकाला घरी बोलाव. तापमापक घेऊन ये म्हणावं. आणि चांगली कॉफी कर तिला."

रिबका शेजारच्याच गावची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, पायातल्या चपला पायरीशी काढल्या, आणि आतल्या खोलीत शिरताना रीतीप्रमाणे वाकली. "बाबा, मी रिबका. जरा तपासते हं," ती म्हणाली. हे सगळं दामारिस फोनवर बघत होती. ओबेदने फोन इतका हलवला की तिला निम्मं छतच दिसलं.

तापमापक शोधताना रिबकाच्या पिशवीतून काडी वर आली, तशी आई मध्ये आली. "नाकात काही घालायचं नाही. त्यांना कधी आवडलं नाही."

"नाही घालत, मावशी. चाचणी नकोच आहे. ताईने सांगितलंय ते बघते फक्त." तिने तापमापक बाबांच्या कपाळापुढे धरला. तो वाजला. तिने आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि गंभीरपणे म्हणाली, "ताप नाही."

"त्यांना ताप कधी यायचाच नाही," आई म्हणाली.

"खोकला?"

"सिगारेट कमी झाल्यापासून नाही," ओबेद म्हणाला. आईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"धाप लागते?"

बाहेर मांडवात कुणीतरी खुंटी ठोकत होतं, त्याचा आवाज येत राहिला. रिबकाने मान खाली घातली आणि लिहिलं, धाप नाही. मग विचारलं, "या खोलीत किती दिवस आहेत?"

"दोन वर्षं."

"खोलीबाहेर?"

"एकदाही नाही."

रिबकाने लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि कॉफी प्यायला ओसरीवर गेली. जाताना ती दामारिसला म्हणाली, "ताई, एक शब्द खोटा नाही यात. विचारलं कुणी तर माझं नाव सांग." तिने तो कागद तिथूनच जकार्ताला पाठवून दिला.

दुपारी डॉक्टर वेनिंगचा फोन आला. दामारिसने रिसीव्हर उचलला तो लढायच्या तयारीनेच. पत्रक उघडं, बोट ओळीवर.

"कागद आला," डॉक्टर म्हणाल्या. "रुग्ण दोन वर्षांपासून वेगळ्या खोलीत. ताप नाही, खोकला नाही, धाप नाही."

"तुमच्याच पत्रकात आहे. चाचणी किंवा विलगीकरण. 'किंवा' आहे, 'आणि' नाही."

"माहीत आहे मला काय आहे ते. आज पहिल्यांदाच वाचलं, पण वाचलं." डॉक्टर थांबल्या. "मी तुमच्या भागाबद्दल एका मैत्रिणीला विचारलं. मकासरची आहे ती. तिने सांगितलं."

दामारिसने ओळीवरचं बोट उचललं.

"काल मला असं वाटलं की तुम्ही काहीतरी लपवताय. नाहीतर डोक्यावर परिणाम झालाय. माफ करा हं." डॉक्टरांचा आवाज जरा खाली गेला. "माझी आजी त्या वाईट महिन्यात गेली. माझ्याच हॉस्पिटलमध्ये. प्लास्टिकमध्ये गुंडाळली, गाडीत घातली आणि नेली. मी वरच्या मजल्यावर ड्युटीवर होते, मला नंतर कळलं. आम्हाला तिला चार दिवस तरी आजारी ठेवता आलं असतं तर फार बरं झालं असतं."

इतका वेळ दामारिस या बाईशी भांडायच्या बेतात होती. "तुमच्या आजीचं नाव काय?" तिने विचारलं.

"कार्तिनेम."

"आमच्याकडे शुक्रवारी कॉफी ठेवतील तेव्हा एक कप त्यांच्या नावाने ठेवायला सांगते."

डॉक्टर हसल्या की रडल्या ते फोनवरून कळलं नाही. "शेरा काढलाय," त्या म्हणाल्या. "उद्याची चाचणी निगेटिव्ह आली की निघा. घरी पोचल्यावर आमचा एक फोन येईल, तेवढा घ्या. नियम आहे."

"ठाऊक आहे मला," दामारिस म्हणाली.

चाचणी निगेटिव्ह आली. सुमिनाने दाराआडून टाळ्या वाजवल्या आणि मजल्यावरच्या आणखी दोघीतिघींनी साथ दिली. मग मकासर, मग बस, बसमध्ये शेजारच्या बाईची मुखपट्टी सारखी हनुवटीवर घसरत होती ती दामारिसने दोनदा वर ओढायला लावली. गुरुवारी दुपारी ती घराच्या पायऱ्या चढली तेव्हा मांडव माणसांनी फुलले होते. बांबूच्या नळ्यांत डुकराचं मटण शिजत होतं, आणि मामा ताडीचा पेला हातात घेऊन कुणालातरी सांगत होते, "आमची भाची, वकीलीण."

ती कुणाशी न बोलता आधी आत गेली. आई दारात होती. तिने दामारिसच्या गालावरून हात फिरवला आणि वाट दिली.

फोनच्या पडद्यावर इतकी वर्षं दिसलेले बाबा समोर होते. पडद्यापेक्षा लहान वाटले. तिने पिशवीतून तैचुंगच्या अननसाच्या वड्यांचं खोकं काढलं, त्यातली एक त्यांच्या कपाशी ठेवली आणि जमिनीवर बसली. "आले, बाबा," ती म्हणाली. पुढे बोलायचं पुष्कळ होतं, पण ते सगळं फोनवर रोज बोलून झालं होतं. तिने नुसता त्यांच्या बोटांवर हात ठेवला आणि बसून राहिली. हे फोनवर कधी करता आलं नव्हतं. जेवायला बोलावलं तरी ती उठली नाही. आईनेच ताट आत आणून दिलं आणि तीही तिथेच बसून जेवली.

शुक्रवारी सकाळी पहिला रेडा पडला. एका घावात पडला. अंगणातले पुरुष हात धरून रिंगण करून गाऊ लागले आणि ओबेद, जो आठवडाभर सगळ्यांची थट्टा करत फिरत होता, तो लहान मुलासारखा ओरडून रडला. आईने ओसरीवर बसून तो शब्द पहिल्यांदा उच्चारला. मोठ्याने नाही, शेजारच्याला ऐकू जाईल एवढाच. मग दामारिसने. मग ओबेदने, मामांनी, आणि सगळ्या घराने. उशाशी सकाळी ठेवलेले दोन कप अजून तिथेच होते, एक बाबांचा आणि एक कार्तिनेम नावाच्या बाईचा.

त्याच गोंधळात दामारिसच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. ती मांडवाच्या मागे तांदळाच्या कोठारापाशी गेली.

"मी वेनिंग," पलीकडून आवाज आला. "नियमाचा फोन. यादी दुसऱ्या कुणाकडे होती, मी मागून घेतली. ताप, खोकला?"

"काही नाही."

"वास, चव?"

"मटणाचा वास येतोय."

"बरं." डॉक्टर जरा अडखळल्या. पुढचा प्रश्न त्यांना विचारावाच लागणार होता. "घरात कुणी आजारी आहे का?"

दामारिसने कोठाराच्या खांबाला हात टेकला. खांब गुळगुळीत होता. लहानपणी बाबा तिला यावरून घसरू द्यायचे आणि खाली झेलायचे. तिचे डोळे भरून आले, पण आवाज सरळ निघाला.

"नाही, डॉक्टर. घरात कुणी आजारी नाही. माझे वडील आज सकाळी वारले."

मग डॉक्टर वेनिंग जसं कुणालाही विचारतात तसं विचारत्या झाल्या, "त्रास झाला का त्यांना?"

"नाही," दामारिस म्हणाली. "सगळी घरची माणसं जवळ होती."